मावशीचे चोपन्न हजार सहाशे

२०१९ चा उन्हाळा होता. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायरीवर बसलो होतो. आम्ही म्हणजे वस्तीतली शिकलेली पाच-सहा पोरे. कुणी बी.कॉम. झालेला, कुणी वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला, कुणी एमपीएससीची तयारी करणारी. चर्चा कलम १७ वर चालली होती. तेवढ्यात मावशी आली. हजेरी शेडवर सही करून, झाडू ठेवून ती तशीच आली होती. हातात साडीच्या दुकानाची जुनी पिशवी. तिने पिशवीतून पासबुक, बिलाची झेरॉक्स आणि फॉर्म सोळा काढला आणि आमच्यासमोर ठेवला.

"पोरांनो, एवढं बघा. बिलात चार लाख लिहिलेत, खात्यात कमी आलेत. मधले गेले कुठं?"

आम्ही कागद उलटेपालटे केले. आकडा सापडला. आमच्यापैकी एकाने सांगितले, "मावशी, इन्कम टॅक्स कापलाय. मोठी रक्कम आली की टॅक्स कापतातच. त्याला काही करता येत नाही."

मावशीने कागद पुन्हा पिशवीत घातले. "तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हणताय तर असंच असंल," एवढे बोलून ती घरी गेली. आम्ही पुन्हा कलम १७ कडे वळलो.

आज हे लिहायला बसलो आहोत ते त्या एका वाक्यासाठी. आम्ही मावशीला जे सांगितले ते चूक होते. करता येत होते. पूर्ण रक्कम परत मिळवता येत होती. आणि ती मिळाली नाही याला जशी व्यवस्था जबाबदार आहे, तसे आम्हीही जबाबदार आहोत.

मावशीला ही थकबाकी कशी मिळाली ते आधी सांगायला हवे. मुंबईतल्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली उचलून धरला, तो लढा चळवळीतल्या सगळ्यांना माहीत आहे. आमच्या शहरातला लढा त्यापेक्षा लहान, वर्तमानपत्रात न आलेला. पण जात तीच, झाडू तोच, आणि कंत्राटदाराच्या पाठीमागे लपणारी महापालिकाही तशीच. युनियनने वर्षानुवर्षे तारखा केल्या. शेवटी मावशी कायम झाली आणि २०१४-१५ ते २०१७-१८ या चार वर्षांच्या पगारातला फरक, वर्षाला एक लाख याप्रमाणे चार लाख रुपये, तिला २०१८-१९ मध्ये एकरकमी मिळाला. हा पैसा कुणी मेहेरबानी म्हणून दिलेला नव्हता. तिच्या घामाचा, उशिरा मिळालेला पगार होता.

आता हिशेब नीट बघा. कंत्राटात असताना मावशीचे वर्षाचे उत्पन्न १ लाख ४० हजारांच्या आसपास होते. त्या त्या वर्षी तिला हक्काचा एक लाख वेळेवर मिळाला असता तर उत्पन्न २ लाख ४० हजार झाले असते. त्या चारही वर्षांत अडीच लाखांपर्यंत कर नव्हता. म्हणजे पगार वेळेवर दिला असता तर मावशीला एक रुपयाही कर लागला नसता. पण पैसे थकवले, आणि चार वर्षांचे एकाच वर्षी दिले. २०१८-१९ मध्ये कायम झाल्यावर तिचे स्वतःचे करपात्र उत्पन्न तीन लाख होते. त्यावरचा अडीच हजार कर कलम ८७-अ च्या सवलतीने शून्य होत होता. त्यात हे चार लाख मिळवले आणि कागदावर मावशी सात लाखांची धनीण झाली. पाच लाखांच्या वरच्या दोन लाखांवर २० टक्के, खालच्या अडीच लाखांवर ५ टक्के. एकूण ५२,५००, त्यावर ४ टक्के उपकर. ५४,६०० रुपये.

पगार थकवला मालकाने आणि त्याचा दंड भरला कामगाराने. ५४,६०० म्हणजे तिच्या कंत्राटातल्या साडेचार महिन्यांहून जास्त पगार.

हा अन्याय कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आला नव्हता असे नाही. प्राप्तिकर कायदा, १९६१ मध्ये कलम ८९ होते ते यासाठीच. एखाद्याला मागच्या वर्षांचा पगार एकदम मिळाला, आणि त्यामुळे तो वरच्या कराच्या टप्प्यात ढकलला गेला, तर ती रक्कम ज्या त्या वर्षात मिळाली असती तर किती कर लागला असता ते काढायचे. जास्तीचा जेवढा कर लागला असेल तेवढी सवलत द्यायची. मावशीच्या बाबतीत त्या चार वर्षांचा कर शून्य. म्हणून सवलत पुरती ५४,६०० ची. त्यासाठी एकच करायचे होते: विवरणपत्र भरण्याआधी 'दहा ई' नावाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि मग विवरणपत्रात ती सवलत मागायची. एवढेच काय, हा फॉर्म आधीच महापालिकेच्या लेखा विभागात दिला असता तर तो कर कापलाच गेला नसता, कारण स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कर्मचाऱ्याला कर कापतानाच ही सवलत देण्याची तरतूद त्याच कायद्यात होती.

आम्हाला हे कळले २०२५ च्या जूनमध्ये. आमच्यातला बी.कॉम. झालेला मित्र आता एका सीएकडे कामाला आहे. त्याच्या टेबलावर एका प्राध्यापकांचे विवरणपत्र आले. वेतन आयोगाची थकबाकी मिळाली होती. वरिष्ठाने सहज सांगितले, "आधी दहा ई भर, मग रिटर्न." त्याने विचारले, हे काय असते? आणि उत्तर ऐकताना त्याच्या डोळ्यांसमोर साडीच्या दुकानाची ती पिशवी उभी राहिली. संध्याकाळी तो थेट मावशीच्या घरी गेला. पिशवी तशीच होती, कपाटात, तिच्या नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याशेजारी. सहा वर्षे जपून ठेवलेली.

रात्रभर बसून आम्ही नियम वाचले. उशीर झालेल्या परताव्यासाठीही एक दार असते. खरी अडचण दाखवून आयुक्तांकडे विलंब माफीचा अर्ज करता येतो. पूर्वी त्यासाठी सहा वर्षांची मुदत होती. त्या मुदतीत आम्ही बसत होतो. पण केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने ती मुदत पाच वर्षांवर आणली. मावशीचे दार ३१ मार्च २०२५ ला बंद झाले होते. आम्ही तीन महिने उशिरा पोहोचलो होतो.

तिला सांगायला आम्ही सगळे मिळून गेलो. एकट्याने जायची कुणाची हिंमत नव्हती. मावशीने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "कापताना त्यांनी मला इचारलं होतं का?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही तेव्हा देऊ शकलो नाही. खरे तर सगळा मुद्दा याच प्रश्नात आहे. कर कापायला अर्ज लागत नाही. कापलेला परत घ्यायला अर्ज लागतो, फॉर्म लागतो, पासवर्ड लागतो, मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो, मुदत पाळावी लागते, आणि सगळ्यात आधी असा काही फॉर्म असतो हे ठाऊक असावे लागते. घेण्याचा रस्ता सरकारने स्वतः बांधलेला आहे. देण्याचा रस्ता नागरिकाने शोधून काढायचा.

आमच्या गल्लीतल्या सात जणांना त्या वर्षी थकबाकी मिळाली होती. सातांपैकी एकाला ही सवलत मिळाली. त्याचा जावई दुसऱ्या एका कार्यालयात लेखा विभागात लिपिक आहे. बाकी सहा जणांचा जावई, मेहुणा, शेजारी, वर्गमित्र कुणीच लेखा विभागात नव्हते. एवढाच फरक. बिल काढणाऱ्या टेबलावरच्या माणसाला कलम ८९ माहीत नव्हते का? वेतन आयोगाची थकबाकी आली की कार्यालयात पहिली चर्चा याच फॉर्मची असते. चहाच्या टपरीवर एक जण दुसऱ्याला सांगतो, दुसरा मेहुण्याला. पण ती चर्चा हजेरी शेडपर्यंत येत नाही. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरतानाच ती विरून जाते.

जात म्हणजे फक्त पाणवठा आणि मंदिर नव्हे. जात म्हणजे माहिती कुणाच्या घरात फुकट येते आणि कुणाच्या घरात कधीच येत नाही, याचीही व्यवस्था आहे. ज्यांच्या तीन पिढ्या कचेरीत गेल्या त्यांना ही माहिती जेवता जेवता मिळते. आमची पहिली पिढी कचेरीत शिरली ती झाडायला. तिला टेबलावरची धूळ माहीत होती, टेबलावरचा कागद नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो हेच सांगायला, की अडाणी ठेवलेल्या माणसाला सरकारी खात्यातला लेखणीबहाद्दर कसा नागवतो. आता लेखणीच्या जागी पोर्टल आले. आणि आता कुणाला मुद्दाम लुबाडावेही लागत नाही. नुसते गप्प राहिले तरी काम होते.

"कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही," असे आम्हाला कुणीतरी नक्की ऐकवणार. गुन्हा केल्यावर ही सबब चालत नाही हे मान्य. पण इथे मावशीने गुन्हा केलेला नाही, तिने जास्तीचा कर भरला आहे. आणि तिच्या अज्ञानाचा फायदा घेऊ नये असे सांगणारा कागद सरकारच्याच दप्तरात आहे. तेव्हाच्या केंद्रीय महसूल मंडळाने ११ एप्रिल १९५५ रोजी काढलेले १४ क्रमांकाचे परिपत्रक आहे. करदात्याला त्याचे हक्क माहीत नाहीत याचा अधिकाऱ्यांनी फायदा घेऊ नये, उलट सवलती मागायला आणि मिळवायला त्याला मदत करणे हे त्यांचे कर्तव्य आहे, असे त्यात सांगितले आहे. न्यायालयांनी नंतर अनेकदा या परिपत्रकाचा आधार घेतला. तारीख पुन्हा वाचा. ११ एप्रिल, म्हणजे जोतीरावांची जयंती. योगायोगच असेल. पण दर ११ एप्रिलला डीजे लावणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे परिपत्रक माहीत होते? आम्हाला नव्हते.

संविधानाचे कलम २६५ तर त्याहून स्पष्ट आहे. कायद्याचा अधिकार असल्याशिवाय सरकारला कर बसवता येत नाही आणि वसूलही करता येत नाही. कायद्यानेच जो कर मावशीकडून घ्यायचा नाही असे ठरवले, तो केवळ एक फॉर्म भरला नाही म्हणून सरकारच्या तिजोरीत कायमचा राहतो, हे त्या कलमाच्या आत्म्याशी कसे जुळते, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

बाबासाहेबांना हा विषय परका नव्हता. मुंबई इलाख्यातल्या गल्लीबोळात फिरणारा हा नेता लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सार्वजनिक वित्त शिकून आला होता. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. १९२७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात आल्या आल्या त्यांनी अर्थसंकल्पावर भाषण केले, तेव्हा नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले: ज्याचे उत्पन्न नाही त्याला प्राप्तिकर लागत नाही, पण जमीन महसूल मात्र पीक आले काय, बुडाले काय, लहान शेतकऱ्यालाही भरावाच लागतो. कर कुणाच्या पाठीवर पडतो, हा प्रश्न त्यांच्यासाठी पाण्याच्या प्रश्नाइतकाच राजकीय होता. आपण त्यांच्या हातातले पुस्तक पुतळ्यात कोरले. त्यांनी लिहिलेल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकाकडे मात्र पाठ फिरवली.

त्याच १९२७ सालचा महाडचा सत्याग्रह आठवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ सालीच मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केले होते. कागदावर हक्क होता. तळ्याचे पाणी मात्र २० मार्च १९२७ पर्यंत आपल्या ओंजळीत आले नव्हते. ते आणायला हजारो माणसांना चालत जावे लागले, मार खावा लागला. आम्हाला हे दोन प्रसंग सारखे म्हणायचे नाहीत. तिथे काठ्या होत्या, इथे काठी उगारणारा कुणी दिसत नाही. पण धडा एकच आहे. ठरावातला हक्क आणि ओंजळीतला हक्क यांत अंतर असते, आणि ते अंतर चालून जाणे हेच चळवळीचे काम असते.

आमच्या काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, "फॉर्म भरणे म्हणजे चळवळ नव्हे. ही समाजसेवा झाली. आपली लढाई व्यवस्था बदलण्याची आहे." त्यांच्या अनुभवाचा आदर राखून आम्ही म्हणतो की, युनियनने दहा वर्षे लढून मावशीला चार लाख मिळवून दिले, आणि शेवटच्या टप्प्यावर एक कागद न भरल्याने त्यातले चोपन्न हजार परत गेले. मोर्चाने जिंकलेले टेबलावर हरायचे, ही कसली लढाई? आणि फॉर्म भरायला बसल्याशिवाय व्यवस्था कुठे अडवते हे कळतही नाही. आम्हाला तरी ते तिथेच कळले.

दुसरा एक मुद्दा आपल्या तरुणांच्या रोजच्या जगण्यातला आहे. कॉलेजात, ऑफिसात, व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्याला ऐकवले जाते, "आमच्या टॅक्सच्या पैशावर यांना शिष्यवृत्त्या." आपण चिडतो, आरक्षणाचे समर्थन करतो, पण मनात कुठेतरी मान्य करून टाकतो की करदाते म्हणजे ते आणि लाभार्थी म्हणजे आपण. मावशीचा फॉर्म सोळा त्यांना दाखवा. शहराची घाण काढणाऱ्या त्या बाईने कायद्याने लागू नसलेले ५४,६०० रुपये या देशाच्या तिजोरीत टाकले आहेत. मिठाच्या पुडीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत आपण जो पैसा मोजतो त्यात ठिकठिकाणी कर दडलेला असतो, तो वेगळाच. कोण कुणाच्या पैशावर जगते याचा हिशेब एकदा मांडाच. फक्त तो मांडायला आपल्याला हिशेब यायला हवा.

जुलैपासून दर रविवारी वंदनेनंतर विहाराच्या बाहेर आम्ही एक टेबल मांडतो. दोन खुर्च्या, एक लॅपटॉप, एक रजिस्टर. पाच महिन्यांत जे दिसले ते थोडक्यात सांगतो, म्हणजे तुमच्या वस्तीत काय शोधायचे ते तुम्हाला कळेल.

पहिले, भविष्य निर्वाह निधी. कंत्राटदार बदलला की कामगाराचे नवे खाते निघते. जुने खाते नव्याला जोडले जात नाही. मग पाच वर्षे पूर्ण झाली नाहीत असे धरून, ५० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम काढताना १० टक्के कर कापला जातो. पॅन दिला नसेल तर २० टक्के. माणूस त्याच जागी पंधरा वर्षे झाडू मारतोय, कागदावर मात्र त्याची सेवा तुकड्यातुकड्यांची. खाती जोडून घेतली तर सगळी सेवा एकत्र धरली जाते. आणि वर्षाचा एकूण कर शून्य येत असेल तर तसा फॉर्म देऊन कपात थांबवता येते.

दुसरे, व्यवसाय कर. पगारपत्रकात 'पीटी' असे लिहिलेले असते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिना २५ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर नाही. तरीही आमच्या टेबलावर आलेल्या कंत्राटी बायांच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसले. वर्षाचे अडीच हजार. मुकादमाला विचारले तर उत्तर मिळते, "सगळ्यांचेच कापतात." पगाराची चिठ्ठी मागा. चिठ्ठीच देत नाहीत असे असेल तर लढा तिथूनच सुरू होतो.

तिसरे, निवृत्तांच्या ठेवी. ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत ठेवले, व्याजावर कर कापला गेला, आणि आजोबांना वाटते बँकेने व्याज कमी केले. साठीच्या वरच्यांनी ज्या वर्षी कर लागणार नसेल त्या वर्षी तसा फॉर्म बँकेत द्यायचा असतो. एकदा देऊन चालत नाही, दरवर्षी द्यावा लागतो.

आणि चौथे, सगळ्यांत साधे. "आता बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही, मग रिटर्न कशाला भरायचे?" असे आपली नोकरदार पोरेही म्हणतात. कर लागत नाही म्हणून कापलेला कर आपोआप परत येत नाही. विवरणपत्र भरले तरच येतो. पॅन क्रमांकाने प्राप्तिकराच्या पोर्टलवर लॉगिन करून कर कपातीचे पत्रक उघडा. तुमच्या नावावर कुणी किती कर कापला ते तिथे दिसते. २०२४-२५ या वर्षाचे विवरणपत्र उशिरा का होईना, ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येत होते.

एक इशाराही द्यायला हवा. वस्तीत आता 'रिफंड काढून देतो' म्हणणारे दलाल फिरू लागले आहेत. खोटा विमा, खोटे घरभाडे, खोटी देणगी दाखवून परतावा काढतात, टक्केवारी घेतात आणि नोटीस आली की फोन बंद करतात. नोटीस कामगाराच्या नावाने येते. आपला हक्काचा पैसा मागायचा, एक रुपयाही खोटा मागायचा नाही. हक्क आणि लबाडी यांतली रेघ आपणच सांभाळली पाहिजे, नाहीतर खरे मागणाऱ्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. शिवाय या सवलतीने प्रत्येकाला सगळे परत मिळतेच असेही नाही. मागच्या वर्षांत ज्याचे उत्पन्न जास्त होते त्याला थोडे मिळेल, एखाद्याला काहीच नाही. हिशेब करून मगच सांगा. आम्ही एकदा न बघता सांगितले होते, त्याची किंमत तुम्ही वाचलीच आहे.

पण टेबल मांडणे हे उत्तर नाही, हे आम्हाला कळते. प्रत्येक वस्तीत बी.कॉम. झालेला पोरगा असेलच असे नाही. म्हणून आपल्या मागण्या हव्यात. चतुर्थश्रेणी कामगारांची थकबाकी काढताना महापालिकेच्या लेखा विभागानेच या सवलतीच्या फॉर्मचे शिबिर हजेरी शेडवर घ्यावे. थकबाकीच्या बिलासोबत मराठीत एक पानी सूचना द्यावी. पगार थकल्यामुळे जो जास्तीचा कर लागतो, त्यासाठी विलंब माफीची मुदत पाच वर्षांवरून वाढवावी, कारण ज्याने पैसे द्यायला चार वर्षे लावली त्याला कुणी मुदत घातली नव्हती. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला. थकबाकीवरची ही सवलत त्यातही आहे, पण कलमांचे क्रमांक बदलले आहेत. ज्यांना जुने क्रमांकही माहीत नव्हते त्यांच्यापर्यंत नवे कोण पोहोचवणार, हे युनियनांनी आत्ताच विचारले पाहिजे.

आता मावशीविषयी. तिचे पैसे गेले. तिने आम्हाला बोल लावला नाही, याचाच आम्हाला जास्त त्रास झाला. पण ऑगस्टमधल्या एका रविवारी ती टेबलाशी आली आणि विचारले, "दुसऱ्या यादीतल्यांचं काय?" तिच्यानंतर कायम झालेल्या कामगारांची दुसरी यादी होती. त्यांना थकबाकी २०१९-२० मध्ये मिळाली होती. आम्ही बोटांवर वर्षे मोजली. त्यांचे दार ३१ मार्च २०२६ ला बंद होणार होते. म्हणजे तेव्हा अजून उघडे होते.

तेव्हापासून मावशी हजेरी शेडवर फिरते. दुसऱ्या यादीतल्या बाया शोधते. कुणाची बदली झालेली, कुणी निवृत्त, एक वारलेली. तिच्या सुनेला गाठून कागद काढायला लावले, कारण वारसालाही मागता येते. प्रत्येकीला ती एकच सांगते, "माझे गेले ते गेले. तू पिशवी घेऊन रविवारी ये. आणि पोरं म्हणाली काही होत नाही, तर त्यांना म्हणावं पुन्हा बघा."

पुन्हा बघा. आम्ही आता प्रत्येक कागद पुन्हा बघतो.

२०२५ चा संविधान दिन होता. सकाळी विहारात उद्देशिकेचे वाचन झाले. वाचन संपल्यावर दुसऱ्या यादीतल्या तीन बाया पिशव्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. ३१ मार्चला चार महिने उरले होते. तुमच्या वस्तीत, तुमच्या शहरात कुणाला थकबाकी मिळाली आहे का? आजच विचारा. आईला विचारा, काकाला विचारा, शेजारच्या मावशीला विचारा. कपाटातली पिशवी काढायला सांगा. आणि आम्ही जे बोललो होतो ते बोलू नका.

जय भीम!